लाकडाचा वाफसा

लतीफ मिस्त्रीवर माझा राग आहे. माणूस चांगला होता, हे इंदापुरात कुणीही सांगेल. मीही सांगतो. तरी राग आहे, आणि तो का आहे हे सांगायचं तर आधी माणूस सांगावा लागेल.

इंदापूर सोडून सोलापूरच्या बाजूला निघालं की हायवेला लागून त्याची पत्र्याची शेड होती. बसच्या, टेम्पोच्या, शाळेच्या गाड्यांच्या बॉड्या तो बांधायचा आणि दुरुस्त करायचा. पासष्टीचा, उंच, वाळकुडा माणूस. गालात कायम एक लवंग. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी सुतळी कानामागून फिरवून घेतलेली. उजव्या हाताचं पहिलं बोट कधीतरी गाडीच्या दारात सापडून वाकडं झालं होतं, आणि तेच त्याचं मुख्य हत्यार होतं. त्या बोटाच्या पेराने तो गाडी ठोकत जायचा. ठक, ठक, ठक, आणि मग एके ठिकाणी आवाज बसायचा. तिथे थांबून म्हणायचा, "हितं पाव्हणा बसलाय."

पाव्हणा म्हणजे पाणी. गाडीत शिरलेल्या पाण्याला तो दुसरं नाव देत नसे. लोक त्याला विचारायचे, मिस्त्री, गळतंय कुठून? तो म्हणायचा, "पाव्हणा आला कुठनं ते मागनं बगू. आदी त्यानं हातरूण कुठं टाकलंय ते बगा."

लोणी देवकरच्या कंपन्यांत कामगार नेणाऱ्या एका बसचा मालक माझ्यासमोर त्याच्याकडे आला होता. गाडी गंजलेली, पासिंग दोन दिवसांवर. "मिस्त्री, दुसरं काय करू नका, निस्ता रंग मारा." मिस्त्रीने वाद घातला नाही. रंगाचा डबा उघडला, ब्रश त्याच्याच हातात दिला. "मारा की. खिडकीखाली मारा, तितं जास्त दिसतंय." त्या गृहस्थाने जोर लावून हात फिरवला आणि ब्रश मुठीसकट पत्र्यातून आत गेला. मिस्त्रीने वाकून बघितलं. "झ्याक. आतनंपण लागला." मालक रागाने लाल झाला, पण गाडी तिथेच सोडून गेला.

हे मी हसत लिहितोय, पण मी तिथे होतो तेव्हा मला हसू येत नव्हतं. माझी गाडी त्या बसच्या शेजारी उभी होती.

मी जुन्या गाड्यांचा व्यवहार करतो. वडगाव निंबाळकरात पाण्याच्या जुन्या मोटारी घेऊन-विकून सुरुवात केली, आज बारामतीत स्वतःचं यार्ड आहे. कुणी शिकवलं नाही, कुणी हात दिला नाही. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याची नड मला कळते, आणि नड कळली की व्यवहार माझा. पण ही गाडी मी धंद्यासाठी घेतली नव्हती. ती सुनंदासाठी होती.

सुनंदा माझी बायको. तीन वर्षांपूर्वी ती गच्चीच्या जिन्यावरून पडली आणि तिचं कमरेखालचं अंग गेलं. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसवलं की पाठीत कळा येतात. तिचं माहेर लांब, शिरोळकडे, नदीकाठी. तिथे नव्वदीचे वडील, आबा. मुलगी अशी ही एकच, तिच्या पाठीवर एक भाऊ. त्यांना आम्ही एवढंच सांगितलं होतं की तिची कंबर धरलीय. फोनवर तिचा चेहरा दाखवला की म्हातारा फोन उलटा करून मागे बघायचा, पोरगी कुठे आहे म्हणून. मी दोनदा म्हणालो, ॲम्ब्युलन्स करू. ती म्हणाली, "दारात ॲम्ब्युलन्स थांबली तर आबा मला बघायच्या आदीच जातील."

म्हणून लिलावातून हे फिरतं घर घेतलं. झोपायला पलंग, छोटं स्वयंपाकघर, संडास, सगळं आत. उन्हाळ्यात आतलं काम मी एका सुताराला घेऊन स्वतः उभं राहून करून घेतलं. पलंग रुंद केला, भिंतींना नवं प्लायवूड मारलं, चढायला उतार केला. पाऊस उघडला की निघायचं ठरलं होतं.

श्रावणात आबांनी अंथरूण धरलं. मेहुण्याचा फोन आला, "ताईला आणता आलं तर आता आणा." मी यार्डात गेलो, गाडीचं दार उघडलं आणि आतून जो वास आला तो अजून नाकात आहे. पलंगाखालची जमीन पायाखाली दबत होती. भिंतीचं प्लायवूड पोट सुटल्यासारखं पुढे आलेलं. गादीला खालून काळी बुरशी. तरीही मी सुनंदाला एकदा त्यात झोपवून बघितलं. दहा मिनिटांत तिला असा खोकला लागला की तिला तसंच उचलून बाहेर आणावं लागलं.

मग मी जे करायचं नाही ते सगळं केलं. टपावर सिलिकॉनच्या नळ्या रिकाम्या केल्या. आत कापूर जाळला, चुना मारला, भिंतीला नवा कागद चिकटवला. दुसऱ्या दिवशी कागद गळून पडला. तेव्हा एका ड्रायव्हरने लतीफ मिस्त्रीचं नाव घेतलं.

मिस्त्रीने गाडीला हातही लावला नाही. आत गेला, दार लावून घेतलं आणि दुपारभर नुसता बसून राहिला. मी बाहेर फेऱ्या मारतोय. बाहेर आल्यावर म्हणाला, "रांगोळी आणा. पांढरी. चांगली दोन किलो." मला वाटलं चेष्टा करतोय. संध्याकाळी त्याने गाडीत भिंतीच्या पायथ्याला चहूबाजूंनी रांगोळीची सरळ रेघ ओढली, अगदी सुवासिनीच्या हातची. शेजारच्या चहाच्या टपरीवरची बाई ओरडली, "मिस्त्री, कुणाला ओवाळायचंय?"

"पाव्हण्याला. आज मुक्कामाला हाय न्हवं!"

सकाळी बघितलं तर पलंगाच्या उशाशी दोन हात रेघ ओल पिऊन काळी पडली होती. बाकी सगळी पांढरी. मिस्त्री उकिडवा बसून त्या काळ्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"नऊ."

"चार दिवसांत द्या. काय लागंल ते मागा, मी न्हाय म्हणत न्हाय."

"धा."

"अवो, मी कमी करा म्हणतोय!"

"ऐकलं की. अकरा."

आयुष्यात पहिल्यांदा भाव करताना मी गप्प बसलो. मग त्याला सासऱ्यांचं सांगितलं, सुनंदाचं सांगितलं. त्याने गालातली लवंग या बाजूची त्या बाजूला केली. "म्हातारा किती दिवस काढंल?"

"डॉक्टर म्हंतो आठ-पंधरा."

"मग हितं बोलत कशापायी उबं ऱ्हायलाय? घरनं पंखे घिऊन या, असतील तेवढे."

अकरा दिवस का, ते त्याने एका शब्दात सांगितलं: वाफसा. पावसानंतर रान चिखलही नसतं आणि कोरडंही नसतं, मुठीत धरलेलं ढेकूळ बोटाने टोचलं की भुगा होतो, त्याला आमच्याकडे वाफसा म्हणतात. तो आल्याशिवाय कुणी औत घालत नाही. घातलं तर रान वर्षभर उगवत नाही. मिस्त्री हा शब्द लाकडाला लावायचा. आतला सांगाडा वाफशावर आल्याशिवाय तो वरून प्लायवूड मारायला तयार नसे. "तुमी वडगावचे न्हवं? मग मी काय सांगावं तुमाला वाफसा?"

दुसऱ्या दिवशी त्याने उशाकडची भिंत उघडली आणि मला आत बोलावलं. मी आत गेल्यावर दार ओढून घेतलं.

"शेठ, ह्ये कुणी लावलं?"

प्लायवूडच्या मागे काळा-रुपेरी मल्चिंग पेपर होता. आमच्या कलिंगडाच्या रानातला, पीक निघाल्यावर गुंडाळून ठेवलेला. दर हातभर अंतरावर रोपांसाठी पाडलेली गोल भोकं तशीच. तो मीच लावला होता. प्लास्टिकच आहे, पाणी बाहेरच्या बाहेर राहील, असं वाटलं, आणि वाया चाललेली वस्तू कामाला आली म्हणून सुताराला अभिमानाने दाखवलंही होतं. मल्चिंग पेपर रानात कशाला अंथरतात हे वडगावचं शेंबडं पोरही सांगेल. आतली ओल उडू नये म्हणून. टपावरच्या झडपेच्या कडेला खिळ्याएवढं भोक होतं. त्यातून थेंब थेंब पाणी आलं, आणि मी ते लाकडात जपून ठेवलं, उसाच्या सरीत जपावं तसं.

एका भोकातून कोंब बाहेर आला होता. कागदाला चिकटलेली बी अंधारात उगवली होती. दोन दळं, पांढरी, मेणासारखी.

मिस्त्रीने चष्मा सरळ केला. "कलिंगडच हाय का?"

मी मान हलवली.

"उगवण चांगली झालीया."

मला वाटलं, आता हा बाहेर जाऊन टपरीवर सांगणार आणि बारामतीपर्यंत हसं होणार. त्याने तो कोंब अलगद उपटला, सदऱ्याच्या खिशात पेन्सिलीच्या शेजारी ठेवला. सगळा कागद स्वतः ओढून काढला, उलटा गुंडाळला, पोत्यात कोंबून तोंड बांधलं आणि शेडच्या मागे भंगाराच्या तळाशी नेऊन टाकला. परत येऊन म्हणाला, "कुणी इचारलं तर आदल्या मालकाचं काम व्हतं म्हणा." मग उशाखालची एक वायर दाखवली. ओलीने तिचं आवरण सोलून आलं होतं, आतली तार उघडी. "वयनीचं डोकं बरोबर हितं येतंय." त्यानंतर मी वरून प्लायवूड मारून द्या असं म्हणालो नाही. निदान तीन दिवस तरी म्हणालो नाही.

माझ्या घरचे सात पंखे त्या गाडीत रात्रंदिवस फिरत होते. शेगडी लावू म्हटलं तर मिस्त्री अंगावर आला. "भाजलेलं लाकूड रुसतंय. मागनं वाकडं हून दावतंय." रोज संध्याकाळी तो चष्मा काढायचा आणि सांगाड्याच्या एकेका पट्टीला गाल लावायचा. हात लावत नसे. "हाताला घट्टं पडल्यात, हात खोटं बोलतोय. गाल न्हाय बोलत." सगळ्या पट्ट्या झाल्या की म्हणायचा, "आजून न्हाय."

मी रोज बारामतीहून इंदापूरला जायचो आणि ते "आजून न्हाय" घेऊन परत यायचो. सुनंदा पलंगावरून विचारायची, "काय म्हणाले मिस्त्री?" तेवढ्यात शिरोळचा फोन यायचा. आज पेज घेतली. आज दोन चमचे घेतली. आज तोंड फिरवलं. दोन्ही बातम्या एकाच वेळी कानात पडायच्या आणि मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटायचा.

सहाव्या दिवशी मी बारामतीचा दुसरा सुतार आणि प्लायवूडचे नवे तक्ते घेऊन तिथे गेलो. आज भिंत बंद करायचीच, मिस्त्री काय करतो बघू, असं ठरवून गेलो होतो. मिस्त्रीने त्या सुताराला आधी चहा पाजला. गावाची, पोराबाळांची चौकशी केली. मग म्हणाला, "या, जरा गाल लावून बगा." सुताराने गाल लावला. दुसऱ्या पट्टीला लावला. माझ्याकडे बघितलं नाही, आपली हत्यारं उचलली आणि म्हणाला, "मालक, मला बारामतीला सोडा."

दहाव्या दिवशी सकाळी आबा गेले.

मी सुनंदाला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मला कुशीवर करा." तिला स्वतःला वळता येत नाही. मी तिला भिंतीकडे वळवलं, पांघरूण सारखं केलं. मेहुण्याला फोन करून म्हणालो, ॲम्ब्युलन्स करून आत्ता निघतो. तिने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "आता कुणाला भेटायला?"

तिच्या बहिणीसारखी असलेली शेजारीण तिच्याजवळ बसवून मी इंदापूर गाठलं. मिस्त्री रंधा मारत होता. मी त्याची हत्यारांची पेटी पायाने उडवली. पटाशा, खिळे, स्क्रू सगळ्या शेडभर.

"नऊचे अकरा केले तुमी! माझ्या तोंडाला तोंड द्यायला दोन दिवस चढवले. काल गाडी मिळाली असती तर काल संध्याकाळी ती बापापाशी असती. ते दोन दिवस मला द्या! आत्ता द्या!"

टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. मिस्त्रीने रंधा बाजूला ठेवला. खाली बसून एकेक स्क्रू वेचायला लागला.

"कदी गेले?"

मी म्हणालो, सकाळी.

"शेठ, आपुन काय बोलतो ते लाकडाला आयकू येत न्हाय. अकराच लागणार व्हते. पयल्यांदा नऊ म्हणालो ते तुमचं तोंड बगून." थोडा वेळ तो वेचत राहिला. "चूक झाली माजी. तवाच अकरा सांगायला पायजे व्हते."

मीही खाली बसलो. किती वेळ आम्ही दोघं ते स्क्रू गोळा करत होतो, आठवत नाही. संध्याकाळी त्याने सगळ्या पट्ट्यांना गाल लावला आणि शेवटच्या पट्टीपाशी म्हणाला, "आला." मी इतके दिवस ज्या शब्दाची वाट बघितली होती तो ऐकला आणि मला काहीच वाटलं नाही.

रात्रभर जागून भिंत बंद केली आणि अकराव्या दिवशी दुपारी गाडी घेऊन तो स्वतः बारामतीला आला. गिऱ्हाईकाच्या दारात गाडी पोचवायला तो कधी जात नाही असं नंतर कळलं. सुनंदाला आत घ्यायच्या आधी तो स्वतः तिच्या पलंगावर उताणा झोपला आणि मला म्हणाला, "माळेगावला कारखान्यापतोर जाऊन या. उसाच्या ट्रॉल्यांनी जेवढे खड्डे केल्यात त्यातला येक सोडायचा न्हाय." मी चालवत होतो. आरशात तो दिसत होता, डोळे मिटलेला, हात छातीवर. परत आल्यावर उठला, पलंगाच्या एका कोपऱ्याखाली रबराचा तुकडा सारला आणि घरात आला.

सुनंदाच्या खोलीच्या दारात त्याने चपला काढल्या. आत पाऊल टाकलं नाही. म्हणाला, "वयनी, उशीर माज्यानं झाला. लाकूड मी खराब आणलं, परत बदलावं लागलं. तुमचं मानूस रोज माज्या उरावर येऊन बसत व्हतं, त्यांचा दोष न्हाय."

सुनंदाने त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "असू द्या मिस्त्री."

मी तिथेच होतो. तिला उचलायची चादर हातात धरून उभा होतो. माझ्या धंद्याचा एक नियम आहे: समोरचा आपण होऊन तोटा उचलत असेल तर मध्ये बोलायचं नाही. मी मध्ये बोललो नाही.

निदान दिवसांना तरी जाऊ, असं सुनंदा म्हणाली आणि राख सावडायच्या दिवशी आम्ही तिच्या माहेरी पोचलो. गल्ली अरुंद, गाडी देवळापाशी थांबवून भाच्यांनी तिला पलंगाच्या फळीसकट घरात नेलं. सोप्यात आबांची बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. तिने ती आडवी करायला लावली आणि तिच्याशेजारी आपली फळी ठेवायला लावली. पाव्हणेरावळे भेटून जायचे, झोपायला ती गाडीत यायची. एकदाही खोकली नाही.

पाचव्या दिवशी, घाटावर गाडी उभी केली होती तेव्हा, मी तिला कागदाचं सांगितलं. कलिंगडाचं, कोंबाचं, वायरचं, सगळं. ती नदीकडे बघत होती. संध्याकाळी म्हणाली, "मी चार दिवस त्या माणसाला मनात शिव्या देत व्हते. बायकांच्या असत्यात तसल्या शिव्या. गेल्यावर आदी तितं जा आणि सांगा, सगळ्या मागं घेतल्या."

मला ती काही बोलली नाही. आजवर बोललेली नाही.

आता माझा राग सांगतो. माझी चूक होती. ती माझ्या बायकोसमोर मी कबूल करायची की नाही, हे माझं होतं. त्या माणसाने ते माझ्या हातातून काढून घेतलं, आणि तेही माझ्याच दारात, अनवाणी उभं राहून. मला कुणाचं काही फुकट घ्यायची सवय नाही. घेतलेलं मी चुकतं करतो, आणि हे कसं चुकतं करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तेराव्यानंतर परतलो आणि मी इंदापूरला गेलो. ती आमची शेवटची भेट. त्या हिवाळ्यात तो शेड बंद करून मुलीकडे सोलापूरला गेला. आता तिथे टायरवाला बसतो. त्या दिवशी तो एका शाळेच्या बसखाली चाकांच्या फळीवर झोपून काम करत होता. माझी पावलं बघून अर्धा बाहेर सरकला. मी सुनंदाचा निरोप जसाच्या तसा सांगितला. शिव्यांचं ऐकून तो हसला. दात किती कमी उरले होते ते मला तेव्हा दिसलं.

"मिस्त्री," मी म्हणालो, "तुमी मला इचारायला पायजे व्हतं. माजी चूक परस्पर उचलली तुमी."

"इचारलं असतं तर तुमी घासाघीस केली असती."

मी काही बोलणार होतो. त्याआधी त्याने विचारलं, "वयनी झोपल्या का गाडीत?"

"जाताना न्हाय झोपली. येताना झोपली. फलटणपास्नं पार घरापतोर. उठवावं लागलं."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग छताच्या पत्र्याकडे. चष्म्याची सुतळी त्याने कानामागे पुन्हा नीट केली. टाचांनी जमिनीला रेटा देऊन फळी आत सारली आणि बसखाली गेला. बाहेर नुसती पावलं राहिली, भेगाळलेली, एका अंगठ्याला रंगाचा निळा थेंब. ती बराच वेळ हलली नाहीत. आतून हत्याराचा आवाजही येत नव्हता. मी तिथे उभा होतो, आणि मला अजून बोलायचं होतं.